फेजमध्ये लपलेलं चित्र

(दृश्य: अंधारी प्रयोगशाळा, टेबलावर लाल ठिपके)

आज एक चित्र प्रकाशानेच कूटबद्ध करायचं, म्हणजे किल्लीशिवाय ओळखताच येणार नाही असं करून ठेवायचं, आणि मग पुन्हा उलगडायचं. दिवे मालवले की टेबलावर आरशाआरशावर हे लाल ठिपके उजळतात. हेलियम-निऑन लेझर, तरंगलांबी ६३२.८ नॅनोमीटर. आधी किरण गाळून घ्यायचा. सूक्ष्मदर्शकाचं भिंग आणि त्याच्यापुढे जेमतेम काही मायक्रॉनचं छिद्र. या विद्यार्थिनीची बोटं पाहा. स्क्रू जरासा जास्त फिरला तरी पडद्यावर काळोख. थोडा मागे… आणि आला, स्वच्छ गोल प्रकाश.

(दृश्य: बीम स्प्लिटर, मग दुधी काचा)

इथे किरणाचे दोन भाग होतात. संदर्भकिरण वळसा घालून थेट कॅमेऱ्याकडे जातो. दुसऱ्याच्या वाटेत आपलं चित्र आहे, पारदर्शिकेवर छापलेलं 'ज्ञ' हे अक्षर. त्याला लागूनच दुधी काचेचा तुकडा, पुढे भिंग, भिंगाच्या नाभीय अंतरावर दुसरी दुधी काच आणि मग आणखी एक भिंग.

ही मांडणी फिलिप रेफ्रेजिए आणि बहराम जाविदी या संशोधकांची, १९९५ सालची. फेज म्हणजे प्रकाशाची लाट त्या जागी चढउताराच्या कोणत्या टप्प्यावर आहे ते. काचेचा खडबडीतपणा प्रकाशाच्या प्रत्येक बिंदूची फेज वाटेल तशी मागेपुढे करतो. एकदा चित्राजवळ, एकदा मधल्या प्रतलात. दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत 'ज्ञ'चा मागमूस उरत नाही, उरतात हे नुसते ठिपके.

(दृश्य: संगणकाच्या पडद्यावर ठिपके)

पण हे ठिपके नुसते टिपून ठेवले तर चित्र कायमचं हातचं जातं. कॅमेऱ्याला कळते ती तीव्रता, म्हणजे कुठे किती उजेड. फेज त्याला दिसत नाही, आणि गुपित तर सगळं फेजमध्येच.

यावरचा उपाय त्याआधीच सापडलेला होता. इंग्लंडमधल्या रग्बीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक सुधारण्याच्या खटपटीत असलेल्या डेनिस गाबोर यांनी १९४७ मध्ये ओळखलं, की वस्तूवरून आलेल्या प्रकाशात ठाऊक असलेला प्रकाश मिसळला, तर होणाऱ्या पट्ट्यांत फेजही नोंदली जाते. होलोग्राफी ती हीच. त्यांना १९७१ चं नोबेल मिळालं. पुढे फिल्मच्या जागी डिजिटल कॅमेरा आला, आणि २००० मध्ये जाविदी आणि ताकानोरी नोमुरा यांनी कूटबद्ध चित्रच डिजिटल होलोग्राम म्हणून टिपून दाखवलं.

(दृश्य: आरसा, त्यामागची पिझो चकती)

तो वळसा घालून आलेला संदर्भकिरण आता उपयोगी पडतो. या आरशामागे पिझो चकती आहे. व्होल्टेज दिलं की आरसा ७९ नॅनोमीटर सरकतो, म्हणजे तरंगलांबीचा आठवा भाग. डोळ्यांना हालचाल दिसणार नाही. पडद्यावर पट्टे सरकताना मात्र दिसतात. दर टप्प्याला एक, असे चार फोटो. या चौघांच्या वजाबाकीतून संगणक प्रत्येक पिक्सेलची फेज काढतो. या वेळात खोलीत कुणी चालतसुद्धा नाही.

(दृश्य: चित्र आणि पहिली काच काढली जाते)

किल्ली म्हणजे मधली काच. तिचाही होलोग्राम याच टेबलावर घेतला जातो. पहिल्या काचेची नोंद लागत नाही, कारण उलगडल्यावर आपण पाहतो ती तीव्रताच.

(दृश्य: पडद्यावर 'ज्ञ')

चुकीची किल्ली… नुसते ठिपके. बरोबर किल्ली… आणि हे अक्षर! आता कूटबद्ध नोंदीचा अर्धा भाग पुसून टाकू. अक्षर जरा रवाळ झालं, पण अख्खंच्या अख्खं आलं. कारण प्रत्येक तुकड्यात सगळ्या चित्राचा प्रकाश पोचलेला असतो.

(दृश्य: शोधनिबंधांची पानं)

आपल्याकडचं काम इथे ठळकपणे सांगायलाच हवं. आयआयटी दिल्लीच्या जी. उन्नीकृष्णन, जॉबी जोसेफ आणि केहर सिंग यांनी २००० मध्येच हीच पद्धत अपूर्णांकी फूरिये रूपांतराने करून दाखवली. भिंग प्रकाशावर करतं ते फूरिये रूपांतर; अपूर्णांकी म्हणजे ते अर्धवटच केलेलं. त्यात काचांच्या जोडीला रूपांतराचे अंकही किल्लीचा भाग होतात. काच चोरीला गेली तरी हे अंक ठाऊक नसतील तर चित्र उलगडत नाही. प्रकाशाचं टेबल मांडून हे शिकवणाऱ्या प्रयोगशाळा आपल्याकडे आणखी हव्यात.

२००५ मध्ये बार्सिलोनाच्या संशोधकांनी १९९५ ची मूळ पद्धत फोडून दाखवली: आपल्या पसंतीची कूटचित्रं उलगडून मिळाली तर किल्ली काढता येते. म्हणून एकच काच सगळ्या चित्रांना वापरायची नाही.