व्हेरोनाच्या दगडी पायऱ्यांवर ‘आयीदा’

श्रोतेहो, नमस्कार.

इटलीतल्या व्हेरोना शहराच्या मधोमध एक रोमन अँफिथिएटर, म्हणजे चहूबाजूंनी पायऱ्या असलेलं खुलं प्रेक्षागृह, आहे. तिथले लोक त्याला ‘आरेना’ म्हणतात. इसवी सनाच्या पहिल्या शतकातलं हे बांधकाम लंबगोल आहे आणि वर मोकळं आकाश. १९१३ साली, जुझेप्पे व्हेर्दी या संगीतकाराच्या जन्मशताब्दीला, जोव्हान्नी झेनातेल्लो या गायकाच्या पुढाकारानं इथे व्हेर्दीचाच ‘आयीदा’ हा ऑपेरा, म्हणजे गाऊन सादर होणारं नाटक, झाला. नायकाची भूमिका त्यानं स्वतःच केली. उन्हाळी ऑपेराची इथली परंपरा त्या १० ऑगस्टच्या रात्रीपासूनची.

तोच ‘आयीदा’ तिथेच ऐकायचा म्हणून मी आणि ताई गेलो होतो. आमची तिकिटं सगळ्यात स्वस्त, वरच्या दगडी पायऱ्यांवरची. दिवसभराचं ऊन प्यायलेला तो दगड रात्री नऊ वाजताही कोमट होता. अंधार पडू लागला तशा लोकांनी लहान लहान मेणबत्त्या लावल्या. ही इथली जुनी रीत. मग इजिप्शियन वेशातली एक बाई रंगमंचावर आली आणि तिनं काशाच्या मोठ्या थाळीवर टोला दिला. आपल्या नाटकाची घंटा व्हावी तसं वाटलं. ताईनं पदर सावरला.

‘आयीदा’ म्हटलं की लोकांना विजयाची मिरवणूक आठवते. ती आहेच. त्या मिरवणुकीसाठी व्हेर्दीनं लांब, सरळ तुताऱ्या मुद्दाम घडवून घेतल्या होत्या. त्यांचा एक ताफा एका सुरात वाजतो, आणि दुसरा अचानक वरच्या सुरात तीच धून उचलतो, तेव्हा अंगावर काटा येतोच. पण मला तुम्हांला सांगायचंय ते दुसरंच. हा ऑपेरा सुरू होतो व्हायोलिनच्या अगदी बारीक, एकाकी सुरावर. एवढ्या अफाट जागेत, गायकांपुढे माईक नसताना, तो सूर ऐकायचा तर हजारो माणसांना एकाच वेळी गप्प व्हावं लागतं. आणि ती झाली! खोकलासुद्धा ऐकू आला नाही. मध्येच वारा फिरला की आवाज क्षणभर लांब जायचा, पुन्हा जवळ यायचा. आपण आपोआप पुढे झुकतो, सगळ्या शरीरानं ऐकू लागतो. माईक येण्याआधी संगीत नाटकांना जाणारी आपली माणसं अशीच ऐकत असतील, असं मला तिथे पहिल्यांदा कळलं.

भाषेची भीती बाळगू नका. मात्र कथा आधी वाचून जा. इथिओपियाची राजकन्या आयीदा इजिप्तमध्ये दासी आहे. सेनापती रादामेसचं तिच्यावर प्रेम आहे, आणि राजाची मुलगी आम्नेरिस रादामेसवर जीव टाकते. सैन्य कुठल्या वाटेनं जाणार हे गुपित रादामेसच्या तोंडून फुटतं आणि त्याला जिवंत पुरण्याची शिक्षा होते. तळघराचा दगड वरून बसतो, तेव्हा त्याला कळतं की आयीदा आधीच आत येऊन लपली आहे.

शेवटच्या प्रवेशात रंगमंचाचे दोन मजले दिसतात. खाली तळघर, वर देऊळ. खाली दोघं धरतीचा निरोप घेतात. आकांत नाही, आवाज चढवणं नाही. वर आम्नेरिस त्या दगडापाशी शांतीची याचना करते आहे. व्हायोलिन पुन्हा तसंच बारीक होत जातं. मध्यरात्र उलटलेली, मेणबत्त्या केव्हाच विझलेल्या. शेवटचा सूर नेमका कुठे संपला ते मला सांगता येणार नाही. टाळ्यांआधी थोडा वेळ कुणीच हललं नाही. ताईनं माझं मनगट धरून ठेवलं होतं.

आता तेच युगुलगीत ऐकूया, ‘ओ तेर्रा, आद्दिओ’. एक विनंती आहे. घरातला पंखा दोन-चार मिनिटं बंद करा.