जायांच्या वासाचा चहा

(दृश्य: म्हार्दोळ, श्रावण. पाऊस नुकताच थांबलाय. कौलांवरून पागोळ्या.)

दुपारचे पावणेचार. जेवणानंतरची झोप गोव्यात कुणी चोरून घेत नाही. दुकानदारही शटर ओढून हक्काने आडवा होतो. आत्ता ती झोप संपत आलीय. लांब कुठेतरी वळणावर पदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा वाजतो आणि माझी मावशी केस बांधत उठते.

रोजचा चहा तुम्हाला सांगायला नको. पातेलं, पाणी, साखर, पावडर, आलं, वर दूध. दोन उकळ्या, गाळणं, आणि ओट्याशीच उभ्याने पिऊन मोकळं. पण रविवारी हे पातेलं चुलीवर चढत नाही.

(दृश्य: काचेचं कपाट. किल्ली फिरते.)

हे कप मावशीच्या सासूबाईंचे. कप सहा, बशा पाच. पाहुण्यांसाठी म्हणून जन्मभर राखले, आणि पाहुणे स्टीलच्या पेल्यातून पिऊन गेले. सत्तरी उलटली तेव्हा मावशी म्हणाली, "आता आपणच पाहुणे."

दुपारच्या चहाचा थाट म्हटलं की आपल्याला साहेब आठवतो. १८४० च्या सुमारास बेडफर्डच्या डचेस अ‍ॅना यांना रात्रीच्या जेवणापर्यंत भूक धरवेना, म्हणून त्या चारच्या सुमाराला चहा आणि काहीबाही मागवू लागल्या, असं सांगतात. पण इंग्लंडच्या दरबारात चहाची चाल पाडली ती पोर्तुगालच्या कातारिनाने. १६६२ मध्ये ती दुसऱ्या चार्ल्सची राणी झाली. तिच्याच हुंड्यात मुंबई गेली. पोर्तुगीजांना चहा मकावमुळे, म्हणजे चीनच्या किनाऱ्यावरच्या त्यांच्या ठाण्यामुळे ठाऊक, आणि त्या मकावचा कारभार तेव्हा गोव्याच्या हाताखाली. शब्द बघा ना: इंग्रज 'टी' म्हणतात, पोर्तुगीज 'शा', आणि आपण चहा. या टेबलावर आपण काही उपरे नाही.

(दृश्य: पत्र्याचा डबा, जवळून.)

आता या डब्याची गोष्ट. चहाचं पान भलतं हावरट. शेजारी असेल तो वास ओढून घेतं. पावसाळ्याच्या बेगमीत एकदा हा डबा सुक्या सुंगटांच्या, म्हणजे कोळंबीच्या, बरणीला टेकून राहिला, झाकणही सैल. श्रावण पाळणारं घर, आणि कपातून सुंगटांचा घमघमाट! काका दोन दिवस हसत होते. मावशी मात्र विचारात पडली: सुंगटं शिरतात, तर जायां, म्हणजे जाईची फुलं, का नाही?

म्हार्दोळात जायांना काय तोटा? म्हाळसेच्या देवळात जायांची पूजा होते, त्या दिवसांत तर अख्खं गाव घमघमतं. दुपारी कळ्या खुडायच्या. त्या उमलतात रात्री. मावशी वाटीभर दार्जिलिंगच्या पानात मूठभर कळ्या मिसळते आणि झाकण घट्ट लावते. सकाळी एकूण एक फूल वेचून काढते, कारण फुलांचा ओलावा राहिला तर पान बुरसतं. चीनमध्ये मोगऱ्याच्या कळ्यांनी हेच करतात, हे तिला मी नंतर सांगितलं. तिने नुसती मान हलवली.

(दृश्य: किटली, वाफ.)

किटली आधी कढत पाण्याने विसळायची. गार किटली पाण्याची ऊब खाते आणि पान नीट उलगडत नाही. माणशी एक चमचा पान, वर उकळी फुटलेलं पाणी, झाकण, आणि किटलीवर जुना पंचा. चार मिनिटं. त्याहून जास्त ठेवलं की तुरटपणा उतरतो आणि जायां हरवतात. दूध नाही. साखरेवरून घरात अजून वाद आहे.

तेवढ्यात पदेर दारात. ऊन पोय, म्हणजे गोव्याचा कोंड्याचा पाव, तिचे चार तुकडे, लोणी लावलं की कडेने पाझरतं. सोप्यावर चौरंग, चौरंगावर ताट, बशीत पाणी घालून सोडलेल्या तीन जायां.

(दृश्य: काकांचे हात.)

काका कप उचलतात आणि सगळा चहा बशीत ओततात. फुर्रकन आवाज.

"अहो, कॅमेरा चालू आहे," मावशी म्हणते.

"अगो, बशीत वास जास्त येतो."

मावशी थोडा वेळ गप्प बसते. मग हळूच आपली बशी पुढे ओढते.