माणगंगेकाठचं मतदान

मित्रहो, आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याचा नकाशा काढायचा तर मी आधी माण नदी काढतो, मग तालुक्याची हद्द. माण तालुक्याच्या डोंगरात उगम पावलेली ही नदी आटपाडीवरून सांगोल्यात येते, पुढं मंगळवेढ्याकडे वळते आणि भीमेला मिळते. आपण तिला माणगंगा म्हणतो, पण वर्षातले बरेच महिने तिच्या पात्रात वाळूच असते. सह्याद्री ओलांडून ढग इथवर पोचतात तेव्हा त्यांच्यात फारसं काही उरलेलं नसतं. पलीकडे मंगळवेढ्याची काळी रानं ज्वारीचं कोठार म्हणून नावाजलेली, आणि आपल्याकडे मुरमाड माळ. या माळानं खिलार जनावरं दिली, मेंढपाळ दिले, आणि माझ्या मते या तालुक्याचं राजकारणही यानंच घडवलं.

शेजारचा माळशिरस घ्या, पंढरपूर घ्या. कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, उसामागून साखर कारखाना आणि कारखान्यामागून त्याच्या चेअरमनचं राजकारण. सभासद, ऊसतोड, बिलं या साखळीत गावंच्या गावं बांधली गेली. सांगोल्यात उसाला पाणीच नव्हतं. कारखाना निघाला खरा, पण तालुक्यावर पकड बसवेल असं बळ त्याला कधी आलं नाही. सहकारातली आपली मोठी संस्था म्हणजे सूतगिरणी, तीही कापूस न पिकणाऱ्या मुलखात! ज्या मतदाराचं बिल कुणाच्या हातात नाही, त्याच्याकडे मत मागायला बांधावरच जावं लागतं. शेतकरी कामगार पक्षाचा, म्हणजे शेकापचा, लाल बावटा इथं रुजला तो या बांधांवर.

गणपतराव देशमुख, आपले आबासाहेब, 1962 साली पहिल्यांदा निवडून आले. 1967, 1974, 1978, 1980, 1985, 1990, 1999, 2004, 2009 आणि 2014 धरून एकाच मतदारसंघातून अकरा वेळा. एसटीनं मुंबईला जाणारा आमदार म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. ती ओळख खरीच आहे आणि मला तिचा अभिमान आहे. पण अकरा हा आकडा ऐकला की लोक लगेच म्हणतात, ‘सांगोला म्हणजे शेकापचा बालेकिल्ला’. हा शब्द मला मान्य नाही. बालेकिल्ल्यात मतदाराला गृहीत धरलेलं असतं आणि सांगोल्यानं ते कुणालाच करू दिलेलं नाही.

1972 पाहा. काँग्रेसची लाट होती, आबासाहेब पडले. त्याच वर्षी पाऊस गेला. त्या दुष्काळात खडी फोडायला गेलेली माणसं आजही आपल्या घराघरांत आहेत. मिलो, म्हणजे रेशनवरची परदेशी ज्वारी, खाल्लेल्या पिढीला त्याबद्दल वेगळं सांगायला नको. 1974 ला पोटनिवडणूक लागली आणि याच तालुक्यानं त्यांना परत आणलं. मधल्या दोन वर्षांत विधिमंडळापेक्षा दुष्काळी कामांवर तालुक्याचं राजकारण जास्त घडलं, असं मला ठामपणे वाटतं.

1995 ला काँग्रेसच्या शहाजीबापू पाटलांनी त्यांना हरवलं, 192 मतांनी. 2019 ला आबासाहेब स्वतः उभे नव्हते, त्यांचे नातू डॉ. अनिकेत देशमुख होते. तेव्हा शिवसेनेकडून बापूच पुन्हा जिंकले, 768 मतांनी. तालुक्यात शंभरावर गावं आहेत. गावागणिक चार माणसांनी इकडचं तिकडं केलं असतं, तर निकाल उलटला असता! म्हणून मी म्हणतो, इथला लाल बावटा कायम निम्म्या तालुक्याचाच होता. उरलेला निम्मा तितकाच कडवा होता आणि त्याच्याशी झुंजूनच अकरा वेळा जिंकावं लागलं.

आता पुन्हा पाण्याकडे येतो. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडींच्या पुढाकारानं आटपाडीला पाणी परिषदा भरायच्या. तेरा दुष्काळी तालुक्यांची माणसं यायची, आबासाहेब त्यांत आघाडीला असायचे. कृष्णेचं पाणी उचलून या माळांवर आणायचं, ही मागणी तिथं लावून धरली गेली. टेंभू आणि म्हैसाळ योजनांचं पाणी आपल्याकडे पोचलं त्यामागं ही चळवळ आहे. पण आपण शेवटच्या टोकाला. वरच्या तालुक्यांची तहान भागली की आपली पाळी; आवर्तन, म्हणजे पाळीचं पाणी, कधी सुटणार, हा प्रश्न इथं कुठल्याही जाहीरनाम्यापेक्षा मोठा. तोवर शेतकऱ्यानं शेततळं खोदलं, ठिबक टाकलं आणि डाळिंब लावलं. 28 डिसेंबर 2020 ला देशातली शंभरावी किसान रेल्वे सांगोल्याहून पश्चिम बंगालमधल्या शालिमारला निघाली. पुढं तेल्या आणि मर या डाळिंबाच्या रोगांनी आणि खोडकिडीनं बागांच्या बागा काढून टाकाव्या लागल्या, ते दुःख या सभेतल्या अनेकांच्या घरचं आहे.

मतदारसंघाची हद्दही बदलली. 2008 च्या पुनर्रचनेत पंढरपूर तालुक्यातलं भाळवणी मंडल आपल्याला जोडलं गेलं आणि लोकसभेला आपण माढ्यात गेलो. त्यामुळं आज मतदारसंघ आणि तालुका एकच नाहीत. भाळवणीकडच्या मतदाराचं गणित उसाचं, सांगोला तालुक्यातल्या कोळे-जवळ्याकडच्या मतदाराचं आवर्तनाचं. एकाच भाषणात दोघांना धरणं सोपं नाही.

आबासाहेब 30 जुलै 2021 ला गेले. 2024 ला त्यांचे दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख यांना 1,16,256 मतं पडली, शहाजीबापूंना 90,870 आणि ठाकरे गटाच्या दीपकआबा साळुंखेंना 50,962. लाल बावटा परत आला, पंचवीस हजारांहून मोठ्या फरकानं, आणि अख्ख्या विधानसभेत शेकापचा हा एकच आमदार. पण बापू आणि दीपकआबांची मतं एकत्र मांडा: 1,41,832. विजेत्यापेक्षा पंचवीस हजारांहून जास्तच.