बांकोवर बसलेल्या म्हशी

नमस्कार राजेहो. आज बोलू इंग्रजीतून स्पॅनिशमधे शब्द नेताना होणाऱ्या गमतीवर. इंग्रजीतल्या एका शब्दाला चार अर्थ, अन् स्पॅनिशमधे त्या चारहीला वेगळे शब्द. स्प्रिंगच घ्या. ऋतू असंल तर प्रिमावेरा, पाण्याचा झरा असंल तर मानान्त्याल, फवारणी पंपातली असंल तर मेक्सिकोत रेसोर्ते, स्पेनमधे मुएये. म्हणून आधी अर्थ ठरवा, मग शब्द शोधा.

आता किस्सा ऐका. माझी भाची पवनीकडं वैनगंगेच्या काठी राहते. पोट्टी मोबाइलवर स्पॅनिश शिकते, शिकवणाऱ्या बाई मेक्सिकोच्या. बाई म्हणाल्या गावावर चार ओळी लिही, तर हिनं मनात इंग्रजी जुळवलं, नदीच्या बँकवर, म्हणजे काठावर, म्हशी बसल्या आहेत, डिक्शनरीत बँक पाहिलं, पहिलाच शब्द बांको, दिला ठोकून. बाई व्हिडिओवर हसून हसून बेजार. काहून, तर बांको म्हणजे पैशाची बँक, अन् बांको म्हणजे बसायचं बाकडंही. बाईंनी विचारलं, म्हशी खातं उघडायला गेल्या का बाकड्यावर बसल्या? पोट्टीनं ते मराठीत सांगितलं तशी मागं भाजी निवडत बसलेली आमची ताई म्हणते, "म्हशीचं खातं कायचं उघडते बाप्पा, केवायसीसाठी मलेच किती खेपा मारायला लावल्या!" ते बाईंना स्पॅनिशमधे सांगता सांगता तास संपला.

तर नदीचा काठ म्हणजे ओरिया. बांको नाही, ओरिया. पण नदीतला रेतीचा उंचवटा मात्र बांको दे आरेना, तिथं बांको चालतो. आता आपल्या नद्यांत रेती राहिलीच कुठं म्हणा, रातभर ट्रॅक्टर चालतात अन् कोणाला दिसत नाहीत, जाऊ द्या.

डिक्शनरीतला पहिला शब्द उचलू नका. सापडलेला स्पॅनिश शब्द उलटा इंग्रजीत शोधून पाहा, बाकडं निघालं की कळतं. मासोळीचंही तसंच, तळ्यात पोहते तोवर पेस, धरून बाजारात आली की पेस्कादो.

अन् काटोल-वरुडवाल्यांनो, संत्र्याला डिक्शनरी नारान्हा म्हणते, पण नारान्हाची साल घट्ट, चाकू लागतो. आपलं सैल सालीचं नागपुरी संत्रं म्हणजे मान्दारिना. पेटीवर स्पॅनिश लेबल छापायचं असंल तर मान्दारिनाच छापा.