वीस मिनिटांचं मीठ

मंडळी, ज्यू धर्मशास्त्राचा, म्हणजे हलाखाचा, विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो: रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, मोठं मूल्य बघतो की बारीक नियम? या प्रश्नाची मांडणीच मला पटत नाही. चांगला रब्बी आधी नियम कोणत्या पायरीवरचा आहे ते पाहतो. तोराहचा, म्हणजे मूळ धर्मग्रंथाचा, पुढच्या रब्बींनी घातलेला, की नुसती रूढी? मूल्याला किती वाट मिळणार, ते त्या पायरीवर ठरतं.

स्वयंपाकघरातलंच घ्या. ज्यूंना रक्त वर्ज्य, म्हणून मांसातलं रक्त काढायला मांस आधी अर्धा तास पाण्यात भिजवतात, निथळतात आणि सगळ्या बाजूंनी मीठ चोळतात. मीठ पिठासारखं बारीक असेल तर विरघळून जातं, फार जाड असेल तर गळून पडतं. दोन्हींत रक्त ओढलं जात नाही. रक्त वाहून जावं म्हणून तुकडे उतरत्या फळीवर ठेवायचे, शेवटी नीट धुवायचे. आता मीठ किती वेळ ठेवायचं? सोळाव्या शतकातल्या ‘शुलहान आरुख’ या नियमसंहितेत योसेफ कारो सांगतात, एक ‘मिल’ (जुनं माप, साधारण किलोमीटरभर) चालायला लागतो तेवढा वेळ, अंदाजे तासाचा तिसरा हिस्सा. त्यावर पोलंडमधल्या क्राकोचे मोशे इस्सर्लेस, ज्यांना ‘रमा’ म्हणतात, टीप जोडतात: आमच्याकडे रूढी पूर्ण तासाची आहे, ती मोडू नये; पण पाहुण्यांचा मान राखायचा असेल किंवा शब्बाथचा, म्हणजे शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होणाऱ्या विश्रांतीच्या दिवसाचा, स्वयंपाक असेल, तर तेवढी वीसेक मिनिटं पुरतात.

ही टीप सावकाश वाचा. पाहुण्यांचा मान साठाची वीस करतो, विसाची शून्य करत नाही. वरची चाळीस मिनिटं रूढीची, म्हणून ती सोडता येतात. खालची वीस मिनिटं नियमाची, तिथे पाहुणा कितीही मोठा असो.

याच रमांनी एकदा क्राकोत शुक्रवारी रात्री लग्न लावलं. शब्बाथला लग्न लावायचं नाही, कारण त्यात काही लिहिलं जाईल अशी भीती. आणि लिहिणं शब्बाथला निषिद्ध. मुलगी पोरकी. वडील लग्न ठरवून गेलेले. हुंड्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा कमी पडला आणि नवरा मांडवात यायला तयार होईना. गावातली प्रतिष्ठित मंडळी समजूत घालत राहिली, सूर्य मावळला, शब्बाथ लागला. तोड निघाली तेव्हा रात्र होऊन दीड तास झाला होता. जेवण तयार, वधू सजलेली. रमा उठले आणि त्यांनी लग्न लावलं.

गावात कुजबुज झाली. रमांनी उत्तर लिहिलं, ते धर्मप्रश्नांवरच्या त्यांच्या उत्तरसंग्रहात 125व्या क्रमांकावर आहे. ‘दया आली’ एवढ्यावर ते थांबत नाहीत. हा निषेध तोराहचा नाही, रब्बींचा आहे. ज्याला बायको-मुलं नाहीत त्याच्यापुरती, शब्बाथला लग्न करायची, बाराव्या शतकातले फ्रेंच रब्बी रब्बेनू ताम यांची सवलत आहे; एरवी ती वापरत नाहीत, पण निकडीच्या वेळी तिचा आधार घेता येतो. आणि माणसाची अब्रू रब्बींच्या निषेधाला बाजूला सारते, हे तलमूदचं, म्हणजे रब्बींच्या जुन्या चर्चाग्रंथाचं, तत्त्व आहे. तीन आधार एकत्र आले तेव्हा दार उघडलं. तरीही ते बजावतात, मुळात अशी वेळ येऊ देऊ नये. हे वाक्य नसतं, तर पुढच्या प्रत्येक मांडवात उशीर झाला असता!

रमांवरच बराच वेळ गेला. घड्याळ दिसतंय मला. ज्यासाठी बोलावलंत तो बेने इस्रायलींचा मुद्दा आता भरभर सांगतो.

बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले आपले ज्यू, शनिवारी घाणा बंद ठेवणारे ‘शनिवार तेली’, इस्रायलला गेले, तेव्हा शंका निघाली: पिढ्यान्‌पिढ्या यांच्याकडे ‘गेट’, म्हणजे शास्त्रोक्त सोडचिठ्ठी, नव्हती. तिच्याशिवाय बाईने दुसरं लग्न केलं, तर त्या लग्नाची मुलं ‘मामझेर’ ठरतात, आणि इतर ज्यूंशी त्यांचं लग्न होत नाही. हा नियम तोराहचा. म्हणून अब्रूचं ते दार इथे लागू नाही.

मग वाट कुठली? संशयाची. तोराहचा निषेध खात्रीच्या मामझेरला आहे. संशयिताला तो फक्त रब्बींचा. असं लग्न या कुळात झालं होतं का? झालं असलं तरी हा माणूस त्यातूनच आलाय का? संशयावर संशय चढला की सूट मिळते. 1961 मध्ये इस्रायलच्या मुख्य रब्बी परिषदेने बेने इस्रायलींशी लग्नाला मनाई नसल्याचा निर्णय दिला. पण 1962 मध्ये मुख्य रब्बी यित्झाक निस्सिम यांच्या सूचना निघाल्या: बेने इस्रायलींच्या लग्नाची नोंदणी करणाऱ्याने आई, आजी आणि त्यामागच्या पिढ्यांची चौकशी करावी.

माझा आक्षेप चौकशीला नाही, नावाला आहे. सूचनेत एकाच समाजाचं नाव होतं. मराठी बोलणारी मुलगी नोंदणी कचेरीत उभी राहिली की तिच्या आजीची सोडचिठ्ठी निघणार, शेजारच्या रांगेतल्या मुलीची नाही. समाजाचं नाव घालायला तोराह सांगत नव्हती. ती मिठाची वरची चाळीस मिनिटं होती, आणि तिथे माणसाची अब्रू पूर्ण वजनाने मोजायला हवी होती. ती मोजली गेली जेरुसलेममध्ये लोक धरण्याला बसल्यावर. 1964 मध्ये क्नेसेटने, म्हणजे इस्रायलच्या संसदेने, बेने इस्रायली सर्वार्थाने ज्यू असल्याचं जाहीर केलं. त्यानंतर सूचनेतून समाजाचं नाव गेलं. ज्याच्या कुळाबद्दल शंका असेल त्या कुणाचीही चौकशी, असा मजकूर आला. चौकशीचा नियम तसाच राहिला.