चालता चालता बंद पडणारा कॉम्प्युटर

श्रोतेहो, नमस्कार.

घरातला जुना कॉम्प्युटर चालता चालता बंद पडला, की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कुणी हात लावला होता?" दुसऱ्यांदा बंद पडला की व्हायरसचं नाव निघतं. आणि तिसऱ्या खेपेला कुणीतरी म्हणतंच, "विंडोज नव्यानं टाकून बघा." माझ्याकडेही सगळं याच क्रमानं झालं. विंडोज मी नव्यानं टाकलं, तेही दोनदा. शेवटी गुन्हेगार निघाला प्लास्टिकचा एक खिळा. त्याच्याकडे येईनच मी. पण त्या तीन आठवड्यांत एवढं कळलं, की मशीन का बंद पडतं यावर डोकं फोडण्याआधी ते कसं बंद पडतं, हे नीट बघावं.

आणि त्याच्याही आधी, ते चालू आहे तेवढ्या वेळात, फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे उतरवून घ्या. वारंवार असं धाडकन बंद पडणं डिस्कवरच्या फायलींना मानवत नाही.

आता, कसं बंद पडतं? पडद्यावर निरोपाची पाटी येऊन रीतसर बंद होतं का? मग त्याला कुणीतरी बंद व्हायला सांगितलंय. अपडेटनं, एखाद्या प्रोग्रामनं, किंवा अडकलेल्या बटणानं. क्षणभर निळा पडदा चमकून आपोआप पुन्हा सुरू होतं का? मग संशय रॅमवर, म्हणजे चालू कामाच्या तात्पुरत्या स्मृतीवर, किंवा एखाद्या ड्रायव्हरवर, म्हणजे विंडोज आणि एखादा भाग यांच्यातल्या दुभाषी प्रोग्रामवर. हा निळा पडदा बहुतेकांना दिसतच नाही, कारण विंडोज चूक झाली की लगेच स्वतःला रीस्टार्ट करून घेतं. 'स्टार्टअप अँड रिकव्हरी' या भागात 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट' अशी खूण असते, ती काढून टाकली की पडदा थांबतो आणि त्यावरचा मजकूर वाचता येतो. आणि तिसरा प्रकार, वाक्य टाइप करताय आणि फट्, अंधार. पंखेसुद्धा गप्प. जुन्या कॉम्प्युटरांचं जास्त करून हेच दुखणं असतं, आणि त्याची मुळं दोन : उष्णता, नाहीतर वीज.

विंडोज स्वतःची रोजनिशी ठेवतं, 'इव्हेंट व्ह्यूअर' नावाची. ती उघडली की बहुतेकांना 'कर्नल-पॉवर ४१' अशी नोंद सापडते आणि वाटतं, सापडलं कारण! नाही हो. ही नोंद मशीन पुन्हा सुरू झाल्यावर केलेली असते आणि ती इतकंच सांगते, की मागच्या वेळी रीतसर बंद झालो नव्हतो. ते तर आपल्याला माहीतच होतं. त्यापेक्षा १०७४ क्रमांकाची नोंद शोधावी. ती असेल तर कोणत्या प्रोग्रामनं बंद व्हायला सांगितलं, त्याचं नाव तिथे असतं. नसेल, आणि नुसत्या ४१ची रांग लागली असेल, तर विंडोजचा नाद सोडून पेटीकडे वळावं.

व्हायरसचा संशय मात्र अगदीच हवेतून आलेला नाही. ऑगस्ट २००३मध्ये ब्लास्टर नावाचा एक वर्म, म्हणजे नेटवर्कवरून आपणहून पसरणारा व्हायरसचा भाऊबंद, पसरला होता. विंडोज एक्सपीच्या पडद्यावर चौकट यायची आणि ६० सेकंदांची उलटी मोजणी सुरू व्हायची. ज्यांनी ते पाहिलंय त्यांच्या मनात बंद पडणं आणि व्हायरस यांची गाठ कायमची बसली. पण तिथेही मोजणी होती, पूर्वसूचना होती. आणि एरवी बघा, व्हायरस लिहिणाऱ्याला तुमचा कॉम्प्युटर बंद नको असतो, चालूच हवा असतो.

एक परीक्षा मला फार आवडते, कारण तिला काहीही विकत आणावं लागत नाही. कॉम्प्युटर सुरू करताना डिलीट किंवा एफ-२ दाबून त्याच्या सेटअपमध्ये, म्हणजे बायोसमध्ये जायचं आणि अर्धा तास तसंच सोडून द्यायचं. तिथे विंडोज अजून आलेलंच नसतं. तिथेही अंधार झाला, तर विंडोज निर्दोष सुटलं. उलट निष्कर्ष मात्र काढू नका. तिथे टिकला म्हणून बाकीचे भाग ठणठणीत आहेत असं होत नाही, कारण ग्राफिक्स कार्डाला आणि डिस्कला तिथे काम जवळजवळ नसतंच.

उष्णतेची खूण वेळापत्रकात दिसते. सकाळी पहिल्यांदा सुरू केला, वीस मिनिटं चालला, बंद. लगेच सुरू केला, चार मिनिटांत बंद. तासभर विश्रांती दिली, पुन्हा वीस मिनिटं. असं दिसलं की दुसरीकडे शोधायला जाऊ नये. प्रोसेसर तापला की आधी स्वतःच मंद होतो. तरीही पारा चढतच राहिला तर जळण्यापेक्षा वीज तोडून मोकळा होतो. ही हद्द बऱ्याच प्रोसेसरांत १०० अंशांच्या आसपास किंवा थोडी वर असते. सेटअपमध्ये 'हार्डवेअर मॉनिटर' नावाचं पान असतं, त्यावर तापमानाचा आकडा दिसतो. तिथे चाळीस-पन्नास दिसले तर ठीक. नुसतं बसल्या बसल्या ऐंशीच्या पुढे गेला, तर पेटी उघडायची वेळ झाली.

पेटी म्हणजे कॅबिनेट. बोलताना आपण सगळ्या पेटीलाच सीपीयू म्हणतो, पण खरा सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, पंख्याखाली, हीटसिंकच्याही, म्हणजे उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या पत्र्यांच्या ठोकळ्याच्याही, खाली दडलेला असतो. उघडण्याआधी वायर भिंतीपासून काढा, मग चालू करायचं बटण पाच-सात सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. कॅबिनेटच्या उघड्या धातूला एकदा हात लावा, अंगातली स्थिर वीज जाईल.

आणि आता मुख्य गोष्ट. लोक पंख्याची पाती पुसतात आणि साफसफाई झाली म्हणतात. खरी धूळ पात्यांवर नसतेच. ती पंख्याच्या खाली, हीटसिंकच्या पत्र्यांच्या तोंडाशी, लोकरीच्या घडीसारखी बसलेली असते. वरून दिसत नाही. पंखा गरगर फिरतोय आणि हवा मात्र आत शिरत नाहीये, अशी अवस्था. पंखा सोडवून ती घडी चिमट्यानं उचलावी, मग मऊ ब्रश, मग हवेचा झोत. झोत मारताना पाती बोटानं धरून ठेवा, मोकाट फिरू देऊ नका, बेअरिंग खराब होतं. व्हॅक्यूम क्लीनरची नळी मदरबोर्डावर, म्हणजे सगळे भाग जिच्यावर बसतात त्या पाटीवर, फिरवू नका. त्यातून स्थिर विजेची ठिणगी पडू शकते.

मी हे सगळं केलं. प्रोसेसरची उष्णता हीटसिंककडे पोचवणारी, त्या दोघांमधली थर्मल पेस्टही बदलली. जुनी सुकून खडूसारखी झाली होती. नवी लावली, वाटाण्याएवढी. सुरू केला, सेटअपमध्ये गेलो, आणि आकडा माझ्या डोळ्यांसमोर साठ, सत्तर, नव्वद. पंखा फिरतोय, धूळ नाही, पेस्ट ताजी. वैतागून हीटसिंक बोटानं एका कोपऱ्यात खाली दाबला. आकडा उतरायला लागला! बोट काढलं, पुन्हा चढला. हीटसिंक बोर्डाला चार कोपऱ्यांत चार प्लास्टिकच्या खिळ्यांनी धरलेला होता. त्यातला एक भोकात नुसता टेकला होता, पलीकडे गेलाच नव्हता. टेबल हलवताना कधीतरी निसटला असणार. म्हणजे हीटसिंक केसभर कलला होता, आणि तेवढं अंतर पुरेसं होतं. तुम्ही मात्र चालू मशीनमध्ये बोटं घालू नका. बंद करून प्रत्येक कोपरा हलवून बघा. एकही कोपरा डुगडुगता कामा नये.

वेळापत्रक जुळत नसेल तर विजेकडे वळा. सगळ्यात आधी भिंतीपासून पेटीपर्यंतचा रस्ता. एक्स्टेन्शन बोर्डाची सैल खाच, पेटीच्या मागे अर्धवट बसलेली पिन, म्हातारा यूपीएस. दिवे क्षणभर मंदावले आणि त्याच क्षणी कॉम्प्युटर गेला, तर यूपीएसची बॅटरी संपलेली आहे. नाव सांभाळण्याचं, काम बुडवण्याचं. दोन दिवस यूपीएस बाजूला ठेवून थेट जोडून बघा.

मग एसएमपीएस, आतला वीजपुरवठ्याचा डबा. तो थकला की काम वाढताच मान टाकतो. गेम सुरू केला की, सीडी फिरायला लागली की. कधी सकाळी चार-पाचदा बटण दाबल्याशिवाय उठतच नाही. त्याच्या १२ व्होल्टच्या तारेवर ११.४ ते १२.६ यांच्या दरम्यान आकडा असायला हवा. हे मल्टिमीटरनं मोजलेलं बरं. पडद्यावरच्या आकड्यावर फार भिस्त ठेवू नये. डबा मात्र उघडायचा नाही. वायर काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटर नावाच्या, वीज साठवणाऱ्या भागांत ३०० व्होल्टच्या वर वीज साठलेली राहू शकते. दुसरा चांगला डबा लावून बघणं, हीच त्याची परीक्षा.

मदरबोर्डावरच्या छोट्या उभ्या डब्यांकडे, म्हणजे कपॅसिटरांकडेही नजर टाका. त्यांची डोकी सपाट हवीत. फुगली असतील, वर तपकिरी खरपुडी आली असेल, तर बोर्डाचे दिवस भरले. २०००नंतरच्या काही वर्षांत बनलेल्या बऱ्याच बोर्डांत सदोष कपॅसिटर गेले होते, त्यामुळे त्या वयाच्या मशीनमध्ये हे आवर्जून बघावं. अशा बोर्डावर माझ्या मते खर्च करू नये. डिस्क काढून घ्यावी आणि सोडून द्यावं.

उरलेलं थोडक्यात. रॅमच्या पट्ट्या काढून, खोडरबरानं सोनेरी कडा घासून, पुन्हा बसवा; तरीही निळा पडदा आला तर मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर चालवा. बोर्डावरच्या सीआर २०३२ या बटणासारख्या सेलवर उगाच आळ येतो. तो संपला की घड्याळ चुकतं, मशीन सहसा बंद पडत नाही. आणि दर वेळी सुरू केल्यावर चार-पाच सेकंदांतच बंद होत असेल, तर पुढचं बटण आत अडकलंय का बघा. चार सेकंद दाबलेलं बटण म्हणजे कॉम्प्युटरच्या लेखी "बंद हो" असा हुकूम, मग ते तुम्ही दाबलेलं असो वा मळानं.

माझ्या त्या खिळ्याचा एक कान मोडलेला होता. चार नव्या खिळ्यांचा संच बसवला आणि सेटअपमधला आकडा ५२वर येऊन थांबला. त्याला आता बरेच महिने झाले. घरात मात्र अजूनही सगळे सांगतात, की व्हायरस होता, काढून टाकला.

नमस्कार.