संक्रांतीचं वाण, मिरचीचा वाण

नमस्कार मंडळी. मला चाळीस मिनिटं दिलीयेत आणि विषय आहे घरच्या बियापासून गावरान मिरची. लावायची कशी, बी धरायचं कसं ते सांगणारच आहे, पण आधी एक विचारते, वर्षाची चटणी घरी किती जणी करता? बघा, निम्मा हॉल. इथं सांगलीत चटणी म्हणजे मसाला घालून कुटलेलं लाल तिखट हे सांगायला नको, पुण्यात सांगावं लागतं, तिथं चटणी म्हणलं की खोबऱ्याची वाटी पुढं येते. आता दुसरं, त्या चटणीतली एक तरी मिरची घरच्या बियाची आहे अशा किती जणी? तीन. बाकी आपण सगळ्या बाजारातनं आणतो, रंगाला ब्याडगी, तिखटाला लवंगी, संकेश्वरी मिळाली तर मग काय बघायलाच नको.

खरं म्हणजे मिरची आपली नव्हेच, पोर्तुगीजांनी ती अमेरिकेतनं आणली, ज्ञानेश्वरी 1290 साली झाली तेव्हा इथं तिखटाला मिरीच होती, त्या मिरीवरनंच मिरची हे नाव पडलं. मग चार-साडेचारशे वर्षांत इकडं संकेश्वरी, तिकडं नागपूरकडं भिवापुरी, एवढे वाण झाले कसे? कुणीतरी दरवर्षी चांगलं झाड बघून त्याचं बी बाजूला काढलं म्हणून. मला वाटतं त्यात बायकांचाच हात जास्त, नगरकडच्या अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरेंना 2020 ला पद्मश्री मिळाली ती ह्याच कामासाठी.

आमच्या सासूबाई त्यातल्याच. इथं जुन्या सांगलीत, गावभागात, परसात पाच-सहा झाडं असायची, दुसऱ्या तोड्याला त्या एक झाड निवडायच्या आणि बुंध्याला लाल दोरा बांधायच्या, दोरा दिसला की पोरंसोरंसुद्धा हात लावायची नाहीत. बोटभर मिरची, देठाशी सुरकुतलेली, वाळली की काळपट लाल. घरात तिला नुसतं आपली मिरची म्हणायचे. झाडावर लाल झाली की सावलीत वाळवायची, बी काढून राखेत घोळायचं, जुन्या धोतराच्या फडक्यात पुरचुंडी बांधून स्वयंपाकघरात खुंटीला.

2019 च्या ऑगस्टात पाणी आलं. आम्ही विश्रामबागला नणंदेकडं गेलो, परत आलो तर भिंतीवर खिडकीच्या वर चिखलाची रेघ, फ्रीज आडवा, गाद्या फुगलेल्या. सासूबाई सरळ स्वयंपाकघरात गेल्या. पुरचुंडी खुंटीलाच होती, सोडली तर आत काळा लगदा आणि आंबूस वास. एवढं सामान गेलं त्याला त्या रडल्या नाहीत, तेव्हा रडल्या.

मग मी गावरान लिहिलेलं एक पाकीट आणलं, पहिल्या वर्षी झाडं एकसारखी, मिरची भरपूर, मी खूश. त्याचं बी धरलं आणि दुसऱ्या वर्षी काय, एक झाड बुटकं, एकाला ढोबळीसारखी जाड मिरची, दोन झाडांना फळच नाही. ते हायब्रीड होतं, म्हणजे दोन वेगळ्या झाडांच्या संकराचं बी. हायब्रीड वाईट असं मी म्हणत नाही, पण त्याचं बी धरलं की पुढच्या पिढीत गुण विस्कटतात. पाकिटावर खरं लिहा, एवढंच माझं मागणं आहे, राग त्याचाच आहे आणि तो अजून गेलेला नाही.

आणि 2021 च्या संक्रांतीला कोरेगावहून सासूबाईंची भाची आली, तिच्या पिशवीत वाळलेल्या मिरच्या. सासूबाईंनी एक मिरची उचलली, देठ बघितला आणि म्हणाल्या, "अगं, ही तर आपली!" 2017 च्या हळदीकुंकवाला त्यांनी वाण म्हणून बियाच्या पुड्या लुटल्या होत्या, भाचीनं ते बी दरवर्षी लावून धरून ठेवलं होतं. त्याच जुलैत सांगलीत परत पाणी आलं, पण तोवर बी चार घरांत गेलं होतं.

चिठ्ठी आली, सहा मिनिटं राहिली म्हणतायत, तर भराभर सांगते. बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवा, मेअखेर ट्रेमध्ये अर्धा सेंटीमीटर खोल टाका, आठ-दहा दिवसांत उगवतं, थंडीत जास्त लागतात. पाणी बेतानं, नाहीतर रोपं बुडाशी कुजून आडवी होतात. पाच-सहा आठवड्यांनी बारा इंची कुंडीत, ऊन भरपूर. पानं चुरगाळली की बोकड्या आला, आधी पानाखाली फुलकिडे, कोळी असले बारीक किडे आहेत का बघा, निंबोळी अर्क मारा, तरी सुधारलं नाही तर झाड उपटा, त्याचं बी धरू नका.

आता महत्त्वाचं. मिरचीचं फूल स्वतःच फळतं, पण मधमाशी शेजारच्या झाडाचे परागकण आणते, शेजारी ढोबळी असेल तर पुढच्या वर्षी भलतंच येतं. म्हणून कळ्या उमलायच्या आधी फांदीला मलमलची पिशवी बांधा, रोज हलकं टिचकी मारा, मिरची धरली की पिशवी काढून त्या मिरचीला दोरा बांधा. बी काढताना हात सांभाळा, तिखट बियात नसतं, आतल्या पांढऱ्या गाभ्यात असतं. डबा कोरडा हवा, दोन-तीन वर्षं बी चालतं, पण दरवर्षी लावलेलं बरं.

पुड्या मागच्या टेबलावर आहेत, एकेकीत पंचवीस बिया. पैसे नकोत, वहीत नाव आणि गाव तेवढं लिहून जा, परत पाणी आलं तर कुणाचं दार वाजवायचं ते मला कळेल.